सारसाच्या शोकाचे साक्षीदार

इसवी सन १६१८ च्या पावसाळ्यात बादशहा जहांगीर अहमदाबादेस अडकून पडला होता. आग्र्याच्या वाटेने दोहदेपर्यंत गेलेली त्याची स्वारी उन्हाच्या काहिलीने मागे फिरली, मागोमाग पावसाने रस्ते अडविले, छावणीत तापाची साथ पसरली, आणि खुद्द बादशहालाही तिने गाठले. धुळीने भरलेल्या या शहराचा त्याला इतका वीट आला होता की, त्याने आपल्या रोजनिशीत त्याला गर्दाबाद म्हटले, बीमारिस्तान म्हटले आणि तेवढ्यानेही समाधान न झाल्याने जहन्नमाबाद म्हणून ठेवले. अशा त्राग्याच्या दिवसांत त्याचे चित्त ज्या एका गोष्टीत रमले, ती म्हणजे त्याच्या पदरी असलेली सारसांची जोडी. ही पिले जेमतेम महिन्याची असताना पकडून आणलेली. पाच वर्षे बादशाही देखरेखीखाली वाढलेली. आणि त्यांची नावे, बादशहाने स्वतः ठेवलेली, लैला व मजनू.

या जोडीने अहमदाबादच्या मुक्कामी अंडी घातली आणि मग बादशहाने त्या घरट्याचा जणू रोजनामाच लिहिविला. मादी रात्रभर अंड्यांवर बसते, नर शेजारी उभा राहून पहारा करतो. उजाडले की नर येऊन आपल्या चोचीने तिची पाठ खाजवतो, तेव्हा ती उठते आणि तिच्या जागी तो बसतो, ही सगळी तपशीलवार हकिकत त्यात आहे. पहिले अंडे फुटावयास ३४ दिवस लागले, असेही त्याने मोजून नोंदविले आहे. आजचे पक्षिशास्त्र हा काळ ३१ ते ३४ दिवसांचा देते. म्हणजे तापाने फणफणलेल्या त्या बादशहाचा हिशोब बरोबर होता. पिले बाहेर आल्यावर नर त्यांना इजा करील, अशी शंका आली म्हणून त्याला काही काळ दूर ठेवण्याचा हुकूम झाला, आणि पुढे जवळ सोडून पाहिले तेव्हा बापाची माया आईहून कमी नाही, असे आढळून आले. शंका घ्यावी, पारखावी आणि मग मत द्यावे, ही रीत सतराव्या शतकाच्या आरंभी एका तख्तनशीनाच्या रोजनिशीत सापडावी, ही काही सामान्य गोष्ट नव्हे. सालीम अली यांनी १९२७-२८ साली मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात मोगल बादशहांच्या निसर्गज्ञानावर जी लेखमाला लिहिली, तीत जहांगीरला जे अग्रस्थान मिळाले, ते निव्वळ राजस्तुती म्हणून नव्हे.

परंतु या निरीक्षकाची दुसरी बाजूही त्याच्याच लेखणीतून आलेली आहे. बाराव्या वर्षापासून पन्नाशीपर्यंत आपल्यासमोर किती शिकार झाली, याची मोजदाद त्याने आपल्या शिकारखात्याच्या कारकुनांकडून करविली होती. तो आकडा २८,५३२ आहे आणि त्यांपैकी १७,१६७ जीव त्याने स्वहस्ते मारलेले आहेत. एकटी कबुतरेच दहा हजारांवर. पन्नाशी उलटल्यावर बंदूक खाली ठेवीन, आपल्या हाताने कोणत्याही जिवाला दुखविणार नाही, असा नवस तो करून बसला आणि लाडका नातू शुजा आजारी पडला तेव्हा तो त्याने अमलात आणला. याच बादशहाने आपला एक पाळीव काळवीट मेला तेव्हा लाहोरजवळ त्याच्या थडग्यावर हरणाच्या आकाराचा दगड बसविला आणि त्या माळावर हरणाच्या शिकारीस मनाई केली. ज्या हाताने हजारो जीव टिपले, त्याच हाताने एका हरणाचे थडगे बांधावे, हा विरोध आपल्याला खटकतो. त्याला तो खटकला असावा, असे त्याच्या लिहिण्यातून तरी दिसत नाही.

लैला-मजनूंच्या निमित्ताने दरबारात सारसांच्या प्रीतीच्या गोष्टी निघाल्या, आणि त्यांपैकी दोन बादशहाने जबानी घ्यावी तशा लिहून ठेवल्या. पशुपक्षी आपल्या जोडीदाराच्या मृत्यूने शोक करतात काय, हा प्रश्न आपल्याकडे फार जुना असला तरी सांगणाऱ्याचे नाव, मूळ घटना आणि तिचा शेवट, हे सारे एकत्र देणारा पुरावा यापूर्वीचा मिळणे कठीण. म्हणून त्या दोन्ही जबान्या बारकाईने पाहण्याजोग्या आहेत.

पहिली जबानी हिंमतखानाची. दोहद परगण्यात एका तलावाच्या काठी त्याला सारसांचे जोडपे दिसले. त्याच्या एका बंदूकचीने त्यातील एकाला गोळी घातली, तेथल्या तेथे त्याचे मुंडके कापून तो साफ केला. योगायोगाने पथकाचा मुक्काम त्या जागी दोन-तीन दिवस राहिला आणि तेवढा सारा वेळ उरलेला पक्षी त्या जागेभोवती फेऱ्या घालीत, आक्रंदत राहिला. खानाचे काळीज पिळवटले. पण पश्चात्तापाखेरीज त्याच्या हाती काही उरले नव्हते. कूच झाल्यावर पंचवीस दिवसांनी तो पुन्हा त्याच वाटेने आला तेव्हा त्याने गावकऱ्यांकडे चौकशी केली. त्यांनी सांगितले की, तो पक्षी कूच झाले त्याच दिवशी मेला. पिसे आणि हाडे अजून तेथे पडली आहेत. खान स्वतः त्या जागेवर गेला आणि त्याने ती पाहिली.    

दुसरी जबानी कियामखानाची. हा दरबारचा खानाजाद, म्हणजे घरचाच वाढलेला चाकर, शिकारीच्या कामात मुरलेला. एकदा शिकारीस गेला असता एक सारस बसलेला त्याला दिसला. जवळ जाताच तो उठून चालू लागला, पण चालीत अशक्तपणा व वेदना स्पष्ट दिसत होती. तो जेथे बसला होता तेथे जाऊन पाहतो तो काही हाडे आणि मूठभर पिसे. खानाने त्या जागेभोवती जाळे लावले आणि आपण आडोशाला गेला. पक्षी परत त्याच जागी बसावयास आला, पाय जाळ्यात अडकला आणि खानाने त्याला धरला. हाताला वजन असे लागलेच नाही. नीट पाहिले तेव्हा छातीवर आणि पोटावर पीस उरलेले नव्हते, कातडी मांसापासून सुटलेली, जखमेत किडे पडलेले; अंगावर मांसाचा मागमूस नाही, हाती आली ती हाडे आणि थोडी पिसे. त्याचा जोडीदार मेला होता आणि त्याच्या अवशेषांवर तो तेव्हापासून बसून होता, असे खानाने ताडले.

या दोन्ही जबान्या वाचताना एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. पक्ष्याच्या शोकाचा साक्षीदार येथे दोन्ही वेळा शिकारी आहे. हिंमतखानाच्या माणसाने स्वतः गोळी घातली. कियामखान जाळे घेऊनच निघाला होता. यापूर्वीच्या आणि आपल्या सर्वांच्या ओळखीच्या साक्षीतही शिकारी आहेच. तमसेच्या तीरावर निषादाने क्रौंचांच्या जोडीतील नर मारला, मादी आक्रोश करू लागली आणि ते पाहून वाल्मीकीच्या मुखातून आदिकाव्याचा पहिला श्लोक उमटला, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. पण तेथे शोक ऐकणारा ऋषी आणि तो घडविणारा व्याध अशा दोन वेगळ्या व्यक्ती आहेत, म्हणून आपण निषादाला शाप देऊन मोकळे होतो. (हा क्रौंच कोणता पक्षी, यावर पंडितांत पुष्कळ खल झालेला आहे, के. एन. दवे यांनी १९८५ साली आणि ज्युलिया लेस्ली या विदुषीने १९९८ साली तो सारसच असला पाहिजे, असे प्रतिपादन केले, आणि त्या नराच्या तांबड्या माथ्याचे वर्णन लक्षात घेता त्यात मला वावगे दिसत नाही.) जहांगीरच्या दरबारात मात्र ऋषी आणि निषाद एकाच अंगरख्यात उभे आहेत. ज्याने मारले, त्यालाच कळवळा आला. आणि कळवळा येण्याइतका वेळ तो तेथे थांबला, म्हणूनच ही हकिकत आपल्यापर्यंत पोहोचली. कारण जोडीतील एक पक्षी आजाराने, म्हातारपणाने किंवा कोल्ह्याच्या तोंडी पडून मेला तर दुसऱ्याचे पुढे काय झाले, हे पाहण्यास तळ्याकाठी कोण बसतो?

अशा साक्षीदाराच्या साक्षीचे मोल काय धरावे? एका अर्थी ते मोठे आहे. आपल्याच अपराधावर बोट ठेवणारी गोष्ट माणूस सहसा रचून सांगत नाही; हिंमतखानाला आपल्या पथकाची शौर्यकथा सांगता आली असती, ती सोडून त्याने आपल्या खेदाची कथा सांगितली. पुन्हा, दोघांनीही ऐकीव गोष्टीवर न विसंबता जागेवर जाऊन पाहिले. पण साक्ष खरी असली तरी तिचा निष्कर्ष खरा असेलच, असे नाही. हिंमतखानाच्या पक्ष्याचा मृत्यू त्याने पाहिलेला नाही. तो गावकऱ्यांच्या सांगण्यावर उभा आहे, आणि पंचवीस दिवसांनी सापडलेली पिसे-हाडे नेमकी कोणत्या सारसाची, मारलेल्याची की उरलेल्याची, हे ओळखण्याचे साधन त्याच्यापाशी नव्हते. कियामखानाच्या पक्ष्याविषयी तर अधिकच शंका येते. ज्या रोगाने, विषाने अथवा इजेने जोडीदार गेला, त्यानेच हाही खंगला नसेल कशावरून? किडे पडलेली जखम शोकाने होत नाही. तो त्या हाडांवर बसला होता, एवढेच पाहिलेले; तो शोकाने बसला होता, हे ताडलेले. जहांगीरने अंड्याचे ३४ दिवस स्वतः मोजले; शोकाच्या बाबतीत मात्र त्याने दुसऱ्याच्या डोळ्यांवर भिस्त ठेवली.

आणि या डोळ्यांवर एक रंगीत काच आधीच चढलेली होती. ज्या दरबारात सारसांच्या जोडीला लैला-मजनू म्हणतात, त्या दरबारात विरहाने झुरून मरणे हीच प्रीतीची परमावधी मानली जाई. फारशी काव्याची तीन-चार शतकांची पुण्याई तिच्या मागे होती. बादशहाला आपल्या पक्ष्यांचा किती लळा आहे, हे ओळखून असणाऱ्या सरदारांनी त्याच्या कानी अशाच गोष्टी घालाव्यात, ज्यांत उरलेला पक्षी मरतो, हे दरबारी रिवाजास धरूनच होते. जो सारस चार दिवस हाका मारून पाचव्या दिवशी चरावयास लागला आणि पुढच्या पावसाळ्यात नव्या जोडीदारासह त्याच शेतात उतरला, त्याची गोष्ट बादशहाला कोण सांगणार? आणि अशा गोष्टी घडतात. क्रौंचकुळातील पक्षी बहुधा जन्मभर एका जोडीदाराबरोबर राहत असले तरी जोडीदार गेल्यावर दुसरा करतात. सारसही त्याला अपवाद नाही. भारतातील अलीकडच्या अभ्यासांत तर तीन सारस मिळून एकच पिल्लू वाढविताना आढळले आहेत. एकनिष्ठेची जी मूर्ती आपण घडविली, तिच्यापेक्षा हा पक्षी अधिक व्यवहारी आहे.

म्हणून काय त्याचा तो आक्रोश खोटा ठरतो? माणसातही विधुर दुसरे लग्न करतो. त्यावरून पहिली गेली तेव्हा तो रडला नव्हता, असे कोणी म्हणत नाही. मला वाटते, आपली चूक येथेच होते की, शोकाची कसोटी आपण मृत्यू ठेवली आहे. झुरून मेला तर शोक खरा, जगला तर नुसती सवय. ही कसोटी कवींची आहे, निरीक्षकांची नव्हे. आणि ती लावली तर माणसांपैकीही फारच थोडे तिला उतरतील.

युरोपीय शास्त्रज्ञांनाही या प्रश्नाने बराच काळ झुलविले. डार्विनने १८७१ च्या ग्रंथात माकडिणींना पिले गेल्यावर होणाऱ्या दुःखाची उदाहरणे निःशंकपणे दिली. १८९४ मध्ये लॉइड मॉर्गनने, प्राण्यांच्या वर्तनाचा उलगडा खालच्या पायरीवरील प्रवृत्तीने होत असेल तर तेथे वरच्या मनोव्यापाराची कल्पना करू नये, असा दंडक घालून दिला, आणि मग पुढची कित्येक दशके ‘शोक’ हा शब्द उच्चारणे हेच अशास्त्रीय मानले गेले. तरीही कॉनराड लोरेन्झने जोडीदार गमावलेल्या राजहंसांच्या वागण्याची तुलना शोकग्रस्त माणसांशी केली. जेन गुडॉलच्या समोर १९७२ साली गोंबेच्या जंगलात फ्लो नावाची म्हातारी चिंपांझी मादी मेली, आणि तिचा साडेआठ वर्षांचा मुलगा फ्लिंट खाणेपिणे सोडून महिन्याच्या आत मेला. गुडॉलबाईंच्या साक्षीचे वैशिष्ट्य हे की, ती बंदुकीशिवाय दिलेली आहे.

हिंदुस्थानातील इंग्रजी आमदानीत मात्र साक्षीदार पुन्हा बंदुकीवालाच राहिला. राष्ट्रीय सभेच्या स्थापनेमुळे आपणांस परिचित असलेला ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम हा त्या काळचा हिंदुस्थानी पक्ष्यांचा सर्वांत मोठा जाणकार. त्याने ब्रिटिश म्यूझियमला जो संग्रह देऊन टाकला, त्यात कातडी आणि अंडी मिळून सुमारे ८२,००० नमुने होते. मार्शलच्या साह्याने १८७९ ते १८८१ या वर्षांत त्याने काढलेल्या शिकारी पक्ष्यांवरील ग्रंथात सारसाच्या जोडीची परस्परांवरील माया, एक मारला असता दुसऱ्याचे त्या जागेभोवती हाका घालीत घोटाळणे, या गोष्टी आलेल्या आहेत. पुढे हा गृहस्थ शाकाहारी झाला आणि त्याने पक्षी मारणे सोडले. जहांगीरचा नवस आणि ह्यूमचे व्रत यांत अडीचशे वर्षांचे अंतर आहे. पण बंदूक खाली ठेवण्यापूर्वी दोघांनीही तिच्यामागून पुष्कळ पाहून घेतले होते, एवढे साम्य ध्यानात घेण्याजोगे आहे.

सामान्य रयतेला मात्र एवढ्या चौकशीची गरज कधीच भासली नाही. सारसाचे जोडपे फोडू नये, उरलेला तळतळतो, हे तिने गृहीत धरले आणि त्यावर आपला आचार उभा केला. गुजरातेत नवविवाहित जोडप्याला सारसांच्या जोडीचे दर्शन घडविण्याची चाल आहे. गोंडांमध्ये पाच देव मानणाऱ्या शाखेला हा पक्षी पूज्य आहे. उत्तर प्रदेशात, जेथे देशातील बहुतेक सारस राहतात, तेथे पाच-साडेपाच फूट उंचीचा हा पक्षी माणसाच्या हाकेच्या अंतरावर, भाताच्या खाचरात घरटे घालून राहतो आणि शेतकरी थोड्या रोपांची नासाडी सोसून त्याला राहू देतो. जगातील उडणाऱ्या पक्ष्यांमध्ये हा सर्वांत उंच. लपण्याची सोय त्याला नाही, मारणे तर अगदी सोपे. तरीही तो उत्तरेच्या दाट वस्तीत आजवर टिकला, याचे मोठे श्रेय त्याच्या शोकावरील लोकांच्या श्रद्धेला दिले पाहिजे. शास्त्राच्या दरबारात जी गोष्ट अजून पुरती शाबीत झालेली नाही, तिने व्यवहारात एका पक्षिजातीला अभय दिले, हा इतिहास मला जहांगीरच्या दोन्ही जबान्यांइतकाच विचारार्ह वाटतो.

आपल्या महाराष्ट्रात हा पक्षी उरला आहे तो पूर्वेच्या टोकाला, गोंदिया आणि भंडारा जिल्ह्यांत, आणि तोही अगदी थोडा. अलीकडच्या गणनांत संख्या चाळिशीच्या आतबाहेर राहिली आहे. हा मुलूख तलावांचा. गोंड राजवटीत कोहळी समाजाने बांधलेले आणि पुढे मालगुजारांच्या नावे लागल्यामुळे मालगुजारी म्हणविले जाणारे, लोकांच्या तोंडी ‘माजी मालगुजारी’चे नुसते ‘मामा तलाव’ झालेले हे शेकडो जलाशय आणि त्यांच्या पाण्यावर पिकणारे धान, हेच सारसाचे येथील वतन. येथे त्याला बंदुकीचे भय फारसे उरलेले नाही. धानावर फवारलेली औषधे, आटत चाललेले तलाव आणि शेतांवरून गेलेल्या विजेच्या तारा ही आजची संकटे आहेत. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने या पक्ष्यांच्या घटत्या संख्येची स्वतः होऊन दखल घेतली, तेव्हा या तारांचाही विषय पुढे आला.

तारेला लागून सारस मरतो तेव्हा वनखात्याचे लोक येतात, पंचनामा होतो, शव तपासणीस जाते. तार म्हणजे काही हिंमतखान नव्हे. तिला कळवळा येत नाही, ती पंचवीस दिवसांनी परत फिरकत नाही. पंचनामा मेलेल्याचा असतो. उरलेल्याचे काय झाले, हे ठाऊक असलेच तर त्या खाचराच्या मालकाला असते, कारण तो रोज तेथे जातो: किती दिवस तो पक्षी त्याच बांधावर उभा राहिला, पहाटेची जोडीने घालावयाची साद त्याने एकट्याने किती दिवस घातली, चरणे केव्हा सुरू केले, आणि पुढच्या आषाढात तो आला तो एकटा की दुकटा. गोंदियाकडे शेतकऱ्यांच्या मदतीने घरटी राखण्याचे काम काही वर्षे चालू आहे, तेव्हा घरट्यांबरोबर हेही टिपून ठेवावयास सांगितले तर त्यांना ते जड जाऊ नये. अंड्यांच्या ३४ दिवसांसारखे, तारीखवार, एका वहीत.